इब्री शास्त्रांतील अपत्यनामें व त्यांची निरुक्ति

नाम हें नेहमीं धातूपासूनच निघालेलें असतें काय, हा वाद यास्काचार्यांच्या वेळींही जुना झाला होता. सर्व नामें आख्यातजन्य आहेत असें शाकटायनाचें मत. सर्व नव्हत, कांहीं केवळ रूढ आहेत, असें गार्ग्याचें व कित्येक वैयाकरणांचें. यास्कानें शाकटायनाचा पक्ष उचलला व तो इतक्या जोरानें चालविला कीं, एकाच शब्दाच्या दोन दोन तीन तीन व्युत्पत्ति देण्यासही तो कचरला नाहीं. निरुक्ताचें अध्ययन ज्यांनीं केलें आहे त्यांस इब्री शास्त्र प्रथम हातीं घेतां एक जुनी ओळख पटल्यासारखें होतें. तेथेंही मूल जन्मलें कीं त्यास नांव, नांवामागोमाग त्याचें कारण, आणि त्या कारणांत नांवाशीं ध्वनीनें जुळणारें एखादें क्रियापद, हा क्रम पदोपदीं आढळतो.

या व्युत्पत्ति कितपत खऱ्या मानाव्या, हा प्रश्न केवळ यहुदी व ख्रिस्ती पंडितांचा नव्हे. ज्या मंडळींच्या हातांतून कैफियती, कुळकटी व स्थलमाहात्म्यें नित्य जात असतात, त्यांच्यापुढें हाच प्रश्न निराळ्या वेषानें दररोज उभा असतो. गांवाच्या वा घराण्याच्या नांवाची कथा सांगणारा लेखक कधीं व्याकरण सांगत असतो, कधीं इतिहास सांगत असतो, आणि पुष्कळदां या दोहोंपैकीं कांहींच न सांगतां तिसरेंच कांहीं सांगत असतो. इब्री ग्रंथांत हें तिसरें काय असतें तें फार स्पष्टपणें पाहावयास मिळतें, म्हणून आम्हीं हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम भाषेविषयीं दोन शब्द. इब्री धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. व्यंजनें कायम राहतात. स्वर पालटून व आगेंमागें एखादें अक्षर जोडून नामें व क्रियारूपें सिद्ध होतात. प्राचीन लेखनांत मुख्यत्वें व्यंजनेंच लिहीत. आज छापील प्रतींत दिसणाऱ्या स्वरचिन्हांची पद्धति मसोरा-पंडितांनीं, विशेषतः गालील प्रांतांतील तिबिर्या येथील पंडितांनीं, इ. स. च्या सातव्या ते दहाव्या शतकांत पूर्णतेस नेली. अर्थात् नांवाचें व्यंजनशरीर व त्याचा उच्चार या दोन निरनिराळ्या काळच्या वस्तु होत. हें भान सुटलें म्हणजे व्युत्पत्तीच्या चर्चेंत पदरीं गोंधळच येतो.

सर्वांत भरगच्च प्रकरण उत्पत्तीच्या २९ व्या व ३० व्या अध्यायांतील आहे. याकोबास लेआ व राहेल या दोन सख्ख्या बहिणी बायका. त्यांपैकीं राहेल आवडती, लेआ नावडती. लेआस मुलें होतात, राहेलीस होत नाहींत. मग दोघीही आपापल्या दासी नवऱ्यास देतात व दासींस झालेल्या मुलांचीं नांवें मालकिणी ठेवतात. या चढाओढींतून अकरा मुलगे व एक मुलगी जन्मते, व प्रत्येक मुलाच्या नांवांत त्या त्या स्त्रीची त्या दिवशींची मनःस्थिति गोठून राहिली आहे. रऊबेन या नांवाचा सरळ अर्थ ‘पाहा, मुलगा’ एवढाच. पण लेआ तो अर्थ सांगत नाहीं. परमेश्वरानें आपली पीडा पाहिली, आतां नवरा आपल्यावर प्रीति करील, असें ती म्हणते. ‘पाहिलें’ हें क्रियापद तेवढें नांवांतलें, बाकी सर्व तिचें. शिमोन हें ‘ऐकणें’ या धातूवरून. आपण नावडती आहों हें देवानें ऐकलें म्हणून. लेवी हें ‘जडणें, जोडला जाणें’ यावरून. तीन मुलगे झाले, आतां तरी नवरा आपणांशीं जडून राहील, ही आशा. चौथ्यास ती यहूदा म्हणते, कारण आतां आपण परमेश्वराचें स्तवन करूं. चौथ्या नांवाच्या कारणांत नवऱ्याचा उल्लेखच नाहीं, हें आमच्या मतें अनवधानानें घडलेलें नव्हे. तीन वेळां जी आशा बोलून दाखविली ती चौथ्या वेळीं टाकून दिलेली दिसते. कथाकारानें याविषयीं एक अक्षर लिहिलेलें नाहीं. नांवांच्या अनुक्रमानेंच तें सांगितलें.

राहेलीच्या बाजूस दान म्हणजे ‘न्याय केला’, नफताली म्हणजे ‘झुंज’. बहिणीशीं झुंजलें व जिंकलें असें ती उघड म्हणते. लेआच्या दासीचे दोघे गाद व आशेर, म्हणजे ‘भाग्य’ व ‘धन्य’. यांपैकीं गाद याविषयीं पोथ्यांच्या संग्राहकांस रुचेल अशी एक गोष्ट आहे. लेआचा उद्गार मूळ व्यंजनपाठांत एकाच शब्दांत लिहिलेला आहे, व त्याचा अर्थ ‘भाग्यानें’ असा होतो. मसोरा-पंडितांनीं समासांत टीप दिली कीं, लिहिलेलें तसेंच ठेवावें, पण वाचतांना दोन शब्द वाचावे, म्हणजे ‘भाग्य आलें’. लेखन एक व वाचन दुसरें, असा हा इब्री पोथ्यांतील संप्रदाय. लेखकूस पाठ चुकीचा वाटला तरी त्यानें मूळ अक्षर खोडलें नाहीं. आपलें मत बाजूस लिहिलें. आमच्याकडील लेखकूंनीं ही शिस्त पाळली असती तर पाठभेदांचें निम्में काम हलकें झालें असतें. शिवाय गाद हें सीरियाकडील एका भाग्यदेवतेचेंही नांव असून यशयाच्या ६५ व्या अध्यायांत तिच्यापुढें पान मांडणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. तेव्हां लेआच्या तोंडचा शब्द मूळचा त्या देवतेचा जयजयकार असावा व पुढें तो सामान्यनाम ठरला, असें कित्येक विद्वान् मानतात. तें असंभवनीय नाहीं.

इस्साखार या नांवांत मजुरी या अर्थाचा शब्द आहे, व त्याचीं कारणें ग्रंथांत दोन दिलेलीं आहेत. एक, रऊबेनानें आणलेल्या एका मुळीच्या बदल्यांत लेआनें नवऱ्याची एक रात्र राहेलीपासून भाड्यानें घेतली हें. दुसरें, आपली दासी नवऱ्यास दिल्याबद्दल देवानें वेतन दिलें हें. या नांवांत एकच अक्षर दोनदां लिहितात. त्याचा उच्चार कसा करावा याविषयीं दहाव्या शतकांतील तिबिर्येच्या दोन प्रसिद्ध संप्रदायांत मतभेद होता. ते संप्रदाय बेन आशेर व बेन नफताली यांचे. लेआच्या मुलाच्या नांवावरून झालेल्या वादांत दोन्ही पक्षांनीं त्याच्या सावत्र भावांचीं नांवें धारण केलेलीं असावीं, हा योगायोग गमतीचा खरा.

योसेफाच्या ठिकाणीं दुहेरी निरुक्ति फारच उघडी पडते. एका वाक्यांत राहेल म्हणते कीं, देवानें आपला कलंक दूर केला. तेथें ‘आसफ’ हा धातु आहे. लगेच पुढच्या वाक्यांत ती म्हणते कीं, परमेश्वर आणखी एक मुलगा देवो. तेथें ‘यासफ’ हा धातु. पहिल्या वाक्यांत ईश्वराचें नांव एलोहीम, दुसऱ्यांत चतुरक्षरी पवित्र नाम. दोन निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या पुढें ठेवून कोणा जुन्या संकलकानें एकही न टाकतां दोन्ही शिवून घेतल्या, हें अनुमान येथें बळकट होतें. ज्यांनीं दोन बखरींचा मेळ घातलेली तिसरी बखर पाहिली आहे त्यांस असा सांधा ओळखण्यास वेळ लागत नाहीं.

आणखी एक मुलगा मिळावा ही राहेलीची इच्छा फळली, पण तिच्या प्राणावर. ३५ व्या अध्यायांत एफ्राथच्या वाटेवर ती प्रसूत होऊन मरते व मरतां मरतां मुलास बेनओनी म्हणते, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’. बाप त्यास बन्यामीन म्हणतो. आईनें ठेवलेलें नांव बापानें त्याच प्रसंगीं बदलल्याचें हें स्थळ विरळा आहे. आतां ‘ओन’ या शब्दाचे अर्थ दोन. शोक व सामर्थ्य. याच ग्रंथाच्या ४९ व्या अध्यायांत याकोब रऊबेनास आपल्या सामर्थ्याचें पहिलें फळ म्हणतो, तेथें हाच शब्द आहे. म्हणून याकोबानें नांव झिडकारलें नसून त्याचा शुभ अर्थच दुसऱ्या शब्दानें कायम केला, असें म्हणण्यास जागा आहे. ‘यामीन’ म्हणजे उजवा हात, आणि दक्षिण दिशाही. संस्कृतज्ञांस हें समजावून सांगावयास नको. आमच्या ‘दक्षिण’ शब्दाचे हेच दोन अर्थ आहेत, कारण दोन्ही लोक पूर्वेकडे तोंड करून दिशा मोजीत. युफ्रेतीस नदीवरील मारी येथें इ. स. १९३३ पासून जें उत्खनन झालें, त्यांत सांपडलेल्या इ. स. पू. अठराव्या शतकांतील मृत्फलकांवर ‘दक्षिणेचे पुत्र’ अशा अर्थाच्या टोळीचें नांव आलें आहे. त्यांचा व इस्राएलांतील बन्यामीन वंशाचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाहीं. परंतु नांव दिशावाचक असूं शकतें एवढें त्यावरून ठरतें.

लेआची मुलगी दीना. तिचें नांव दान याच्याच धातूचें, पण त्याचें कारण सांगण्याची तसदी ग्रंथकारानें घेतलेली नाहीं. याच्या उलट प्रकार ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटीं आहे. तेथें त्याच्या सात मुलांचीं नांवें नाहींत, तीन मुलींचीं आहेत. एकीचें नांव कसीया, म्हणजे दालचिनीच्या जातीची सुगंधी साल, व दुसरीचें नांव डोळ्यांत घालावयाच्या अंजनाचें शिंग अशा अर्थाचें.

नांव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं आमच्या गृह्यसूत्रांत व इब्री ग्रंथांत मोठा फरक दिसतो. पारस्कर दहाव्या दिवशीं पित्यानें नांव ठेवावें म्हणतो. मुलाचें नांव दोन वा चार अक्षरांचें, आरंभीं घोषवर्ण, मध्यें अंतस्थ, कृदन्त असावें, तद्धित नसावें. मुलीचें विषमाक्षर व आकारान्त. अर्थापेक्षां ध्वनीचे व प्रत्ययाचेच नियम तेथें अधिक. इब्री ग्रंथांत असा एकही नियम नाहीं, आणि नांव ठेवणारी बहुधा आई आहे. मात्र ‘तो म्हणाला’ व ‘ती म्हणाली’ या दोन रूपांत केवळ एका आद्य व्यंजनाचा भेद असल्यामुळें पोथ्यांत येथें घोटाळा होतो. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायांत यहूदाच्या पहिल्या मुलाचें नांव मसोरा-पाठाप्रमाणें बाप ठेवतो, दुसऱ्याचें व तिसऱ्याचें आई. शोमरोनी पाठांत व कांहीं इब्री हस्तलिखितांत पहिल्याचेंही आईच ठेवते. यशयाच्या ७ व्या अध्यायांतील इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्याजवळ’, या नांवाच्या वाक्यावर तर जगभर वाद झाले आहेत. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. फक्त पाठ पुढें ठेवतों. मसोरा-पाठांत नांव ठेवणारी आई, जुन्या ग्रीक भाषांतरांत ‘तूं ठेवशील’ असें राजास उद्देशून, आणि इ. स. १९४७ मध्यें मृतसमुद्राजवळ कुम्रान येथील गुहेंत सांपडलेल्या यशयाच्या चर्मपटांत तिसरेंच रूप, ‘तो ठेवील’ किंवा ‘ठेवण्यांत येईल’ अशा अर्थाचें. बारसें एक, आणि नांव ठेवणारे तीन.

इसहाक याचा अर्थ ‘तो हसतो’. हसणें तीन ठिकाणीं सांगितलें आहे. एकदां अब्राहाम हसतो, एकदां सारा तंबूच्या दाराआड हसते, व मूल झाल्यावर ती म्हणते कीं, ऐकणारा प्रत्येकजण हसेल. याकोब हें जन्मतांना भावाची टांच धरली म्हणून. पुढें फसविला गेलेला एसाव त्याच नांवाचा अर्थ ‘ठकविणारा’ असा करतो. वस्तुतः याकोब-एल या रूपाचें स्थलनाम मिसरच्या तिसऱ्या थुतमोस राजाच्या कर्नाक येथील यादींत आहे, व त्याचा अर्थ ‘देव रक्षण करो’ असा असावा असें भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे धातूचा अर्थ एक, दाईनें पाहिलेला दुसरा, आणि फसलेल्या भावाचा तिसरा.

मोशे याचें नांव फारोची मुलगी ठेवते व कारण सांगते कीं, आपण त्यास पाण्यांतून बाहेर काढलें. मिसरच्या राजकन्येनें इब्री धातूवर नांव ठेवावें हें एक नवल. त्यांतून रूप कर्तरि आहे, कर्मणि नव्हे. ‘काढलेला’ नव्हे, तर ‘काढणारा’. पहिल्या शतकांतील इतिहासकार योसेफस यास ही अडचण जाणवली असावी, कारण त्यानें मिसरी शब्दांवरून, पाणी व वांचविलेले असे दोन शब्द घेऊन, निराळी व्युत्पत्ति दिली. आधुनिक मत असें कीं, थुतमोस, आहमोस इत्यादि नांवांतील ‘जन्मलेला, पुत्र’ अर्थाचें उत्तरपद तेंच मोशे. हें बहुतेकांस मान्य आहे, तरी एक ऊष्मवर्णाची अडचण राहते. रामसेस या नांवांतील तोच मिसरी वर्ण इब्रीमध्यें एका अक्षरानें लिहिला आहे व मोशे यांतील दुसऱ्यानें. निरनिराळ्या काळीं निरनिराळे उच्चार कानीं पडले असतील, हें त्यावर उत्तर. लेवी वंशांत मिसरी नांवें आणखीही आहेत. फिनहास हें त्यांपैकीं निर्विवाद.

आतां शमुवेल. या ठिकाणीं मतभेद खरा आहे, आणि आम्हांस त्यांत आपला पक्ष सांगणें अवश्य वाटतें. निपुत्रिक हन्ना शिलो येथील मंदिरांत मुलगा मागते, मुलगा होतो, तिनें त्यास परमेश्वरापासून मागून घेतलें म्हणून शमुवेल हें नांव, असें १ शमुवेल १.२० येथें म्हटलें आहे. ‘मागणें’ याचा धातु शाअल. त्यावरून शमुवेल सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें शौल, इस्राएलाच्या पहिल्या राजाचें नांव. शमुवेल याचा अर्थ ‘देवाचें नांव’ किंवा ‘ज्याचें नांव देव’ असा कांहींसा आहे. पुढें २८ व्या वाक्यांत हन्ना मुलगा परमेश्वरास वाहतांना जो शब्द योजते तो तर अक्षरशः ‘शौल’ असाच आहे. यावरून कित्येकांनीं ठरविलें कीं, ही जन्मकथा मूळची शौलाची. राजाचें कुळ पडल्यावर ती उचलून द्रष्ट्याच्या पाळण्यांत घातली.

हें अनुमान चतुर आहे, पण आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. वर पाहिलेल्या नांवांतही धातु व नांव यांचें व्याकरणशुद्ध लग्न क्वचितच लागलें आहे. दोन व्यंजनें जुळलीं कीं त्या आयांस पुरे होई. मग शमुवेलाच्या आईकडूनच पाणिनीय शुद्धता कां मागावी? शिवाय शौल हा निपुत्रिक आईच्या नवसाचा होता, किंवा शिलोच्या मंदिरांत वाढला, याचा मागमूसही इतरत्र नाहीं. उलट ‘मागणें’ हा धातु याच ग्रंथांत पुढें आठव्या व बाराव्या अध्यायांत येतो. लोक राजा मागतात तेथें. तेव्हां ग्रंथकारानें हा शब्द जाणूनबुजून आधींच पेरून ठेवला आहे, असें आम्हांस वाटतें. लोकांनीं एक मागितला, हन्नेनें दुसरा मागितला. खरा मागून घेतलेला कोणता, तें वाचणाऱ्यानें ओळखावें. ग्रंथकार शौलाचें नांव हन्नेच्या तोंडीं चुकून घालतो असें मानण्यापेक्षां हेतुपुरस्सर घालतो असें मानणें त्याच्या बुद्धीस अधिक न्याय देणारें आहे.

शौलाच्या घरच्या नांवांची दुसरी एक हकीकत आहे, व ती हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं अवश्य लक्षांत ठेवावी अशी आहे. इब्री नांवांत देवाचें नांव जोडण्याची चाल फार. नथनएल व नथन्या, दोहोंचा अर्थ आमच्या देवदत्तासारखाच. एल किंवा याह यांऐवजीं कधीं ‘बाल’ हें पद येई. बाल म्हणजे स्वामी, पति. कनानी देवाचें तेंच नांव. शौलाच्या मुलाचें नांव १ इतिहास ८.३३ येथें एश्बाल असें आहे, तर २ शमुवेल या ग्रंथांत तोच मुलगा ईश-बोशेथ म्हणून येतो. योनाथानाचा मुलगा एकीकडे मरीब्बाल, दुसरीकडे मफीबोशेथ. बोशेथ म्हणजे लाज. बाल हें नांव पुढें निषिद्ध झालें, म्हणून कोणा सोवळ्या लेखकूनें तें खोडून त्या जागीं ‘लाज’ हा शब्द घातला, असें सामान्यतः मानतात. बोशेथ याचा मूळ अर्थ निराळा व शुभ होता असेंही एक मत आहे. दावीदाचाही एक मुलगा एका ग्रंथांत बेल्यादा व दुसऱ्यांत एल्यादा आहे. यांत बोध घेण्याजोगें हें कीं, इतिहासाचा ग्रंथ शमुवेलाहून पुष्कळ अर्वाचीन. तरी जुनें नांव अर्वाचीन ग्रंथांतच राहिलें. उशीरा उतरलेली पोथी सरसकट बाजूस सारणाऱ्यांनीं हें उदाहरण जवळ बाळगावें. एश्बाल हें नांव कल्पित नव्हे, हें आतां शिलालेखवेत्त्यांसही मान्य आहे. इ. स. २०१२ मध्यें यरुशलेमच्या नैर्ऋत्येस खिर्बेत कैयाफा येथील उत्खननांत एका रांजणावर शाई न लावतां ओल्या मातींत कोरलेलें ‘एश्बाल’ हें नांव मिळालें, व इ. स. २०१५ मध्यें तें प्रसिद्ध झालें. रांजण शौलदावीदांच्या सुमाराचा आहे. तो एश्बाल राजपुत्र नव्हे, बापाचें नांव निराळें आहे. पण त्या काळीं असें नांव उघडपणें ठेवीत हें सिद्ध झालें.

अशुभ नांवांचा वर्ग निराळा. पलिष्ट्यांनीं कराराचा कोश नेला, सासरा एली पडून मेला, नवरा रणांत पडला, हें ऐकतांच फिनहासाच्या बायकोस वेणा आल्या. मुलगा झाला असें सुइणींनीं सांगितलें तरी तिनें उत्तर दिलें नाहीं, लक्षही दिलें नाहीं. ईखाबोद एवढें नांव ठेवून ती गेली. त्याचा अर्थ ‘वैभव कोठें?’ किंवा ‘वैभव नाहीं’. पुढें १४ व्या अध्यायांत एका वंशावळींत ‘ईखाबोदाचा भाऊ’ असा एकाचा उल्लेख ओघांत येतो. म्हणजे तें मूल जगलें व लोक त्यास त्याच नांवानें ओळखीत. याबेस याच्या आईनें क्लेशानें प्रसवलें म्हणून तें नांव ठेवलें. क्लेश या शब्दाचीं अक्षरें नांवांत उलटसुलट झालीं आहेत, आणि तो मोठेपणीं देवास विनवितो कीं, मला क्लेश न होवो. आपल्याच नांवाची शांति करून घेणारा हा पुरुष आम्हांस फार जवळचा वाटतो.

रूथच्या कथेंतील महलोन व खिल्योन, म्हणजे आजार व क्षय, या दोघां भावांविषयीं टीकाकार म्हणतात कीं, कोणते आईबाप असें नांव ठेवतील? लवकर मरावयाचीं पात्रें म्हणून लेखकानें तीं नांवें रचलीं. ज्या देशांत धोंडू, दगडू, केरबा हीं नांवें लाडक्या मुलांचीं आहेत, तेथील वाचकास या आक्षेपाचें हसूं येईल. ऐतरेय ब्राह्मणांत अजीगर्तानें आपल्या तीन मुलांस कुत्र्याच्या अवयवांचीं नांवें दिलीं, त्यांतला मधला शुनःशेप ऋषि झाला. तथापि महलोन-खिल्योन यांच्याबाबत आम्ही टीकाकारांशीं सहमत आहों. नांव अशुभ आहे म्हणून नव्हे. आपण गोड नसून कडू आहों, आपणांस मारा म्हणा, असें जी नामी स्वतःच्या नांवाविषयीं स्पष्ट बोलते, ती मुलांच्या नांवांविषयीं चकार शब्द काढीत नाहीं म्हणून.

इ. स. पू. आठव्या शतकांतील दोन संदेष्ट्यांनीं तर आपलीं मुलें म्हणजे चालतेबोलते लेखच केले. यशया आपल्या शआर-याशूब या मुलास, म्हणजे ‘अवशेष परत येईल’ यास, बरोबर घेऊन आहाज राजास वरच्या तळ्याच्या पाटाजवळ भेटतो. दुसऱ्याचें नांव महेर-शालाल-हाश-बज, ‘लूट त्वरा करते, शिकार धांव घेते’ अशा अर्थाचें. तें मूल पोटीं येण्यापूर्वींच मोठ्या पाटीवर लिहून त्यावर उरीया याजक व जखऱ्या असे दोन साक्षीदार घेतले आहेत. सनदापत्रांत वावरणाऱ्यांस यांतील हेतु तत्काळ कळेल. भविष्य मागाहून रचलें असें कोणी म्हणूं नये म्हणून हा दस्त. मूल ‘बाबा’, ‘आई’ म्हणूं लागण्यापूर्वीं दिमिष्क व शोमरोन यांची लूट अश्शूराकडे जाईल, असें त्यांत होतें. दिमिष्क इ. स. पू. ७३२ मध्यें पडलें, शोमरोन ७२२ च्या सुमारास.

होशेयाचीं तीन मुलें याहून दुर्दैवी. पहिला इज्रेल, येहूनें जेथें आहाबाच्या कुळाचा संहार केला त्या गांवाचें नांव. दुसरी मुलगी लो-रुहामा, ‘जिजवर दया नाहीं अशी’; तिसरा लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हत’. राष्ट्राविषयींचा कोप मुलांच्या अंगावर लिहिला, त्या मुलांनीं दारापुढें खेळतांना कोणत्या नांवानें हाक ऐकली असेल, याचा विचार टीकाकार क्वचितच करतात. पण ग्रंथांतच पुढें तीं नांवें फिरविलीं आहेत. नकारार्थी ‘लो’ काढून भावांस अम्मी व बहिणींस रुहामा म्हणा, असें सांगितलें, आणि इज्रेल याचा मूळ अर्थ ‘देव पेरतो’ हा शुभ करून घेतला. साताऱ्याकडे मुलीवर मुलगी झाली म्हणजे नकुशी असें नांव ठेवीत, इ. स. २०११ मध्यें त्या जिल्ह्यांत अशा मुलींचीं नांवें समारंभपूर्वक बदललीं. ‘लो’ काढण्याचाच तो विधि म्हणावयाचा.

या नांवांचा एक प्रवाह कोंकणांत कित्येक शतकें वाहत आला आहे. कुलाबा प्रांतांतील बेने इस्राएल लोक तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवारतेली म्हणत. आडनांवें गांवांवरून, किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशीं. आणि पुरुषांचीं नांवें शास्त्रांतलीं, पण मराठी वळणाचीं. शमुवेलाचा समाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी, अब्राहामाचा आबाजी, मोशेचा मुसाजी. यांत ध्यानीं घेण्याजोगें असें कीं, इब्री नांवाच्या शेवटीं असलेलें ‘एल’ हें देववाचक पद गळालें व त्या जागीं आमचें आदरार्थी ‘जी’ बसलें. देव गेला, मान राहिला. मराठी निरुक्तकार हसाजी हें नांव ‘हसणें’ यावरून साधील, व तें चुकेल. यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. हसणें आहे तें इसाजी या नांवांत. या लोकांसाठीं डॉ. जॉन विल्सन यांनीं इ. स. १८३२ मध्यें मराठींत इब्री व्याकरण छापलें, व हाईम शमुवेल किहीमकर यांनीं इ. स. १८९७ मध्यें लिहून पुरा केलेला त्यांचा इतिहास इ. स. १९३७ मध्यें तेल-अवीव येथें प्रसिद्ध झाला. मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान समाजी हसाजी दिवेकर यांनीं इ. स. १७९६ मध्यें स्थापिलें. त्याचें नांव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचें द्वार. रहमीम हा शब्द व होशेयाच्या मुलीचें रुहामा हें नांव एकाच धातूचीं, व त्याच धातूंतला रेहेम म्हणजे आईचें गर्भाशय.

ज्यांच्या संग्रहीं अलिबाग, पेण, रोहें व जंजिरा या बाजूंचे मोडी कागद असतील त्यांस आमची एवढी सूचना आहे कीं, केवळ नांवावरून कोणासही बेने इस्राएल ठरवूं नये. मोडींत ऱ्हस्वदीर्घ नाहीं; आबाजी तर ब्राह्मणांतही होते, आबाजी सोनदेव सर्वांस ठाऊक आहेत; येसाजी व इसाजी यांची गल्लत होण्यास घाईचें एक फराटें पुरतें. नांवाबरोबर बापाचें नांव, गांव, आणि तेली किंवा शनवारतेली अशी नोंद पाहावी. बाप व मुलगा मिळून समाजी बिन हसाजी, मुसाजी बिन इसाजी अशी जोडी आढळली, तर तो कागद वेगळा काढून त्याची नक्कल करून ठेवावी.